मधमाशीचं गाणं लिहिणारे पाळकसाहेब

दोस्तांनो, घरात किंवा शाळेत बाजाची पेटी असेल तर तिच्यापाशी बसा. पेटी नसेल तर नुसता गळाही चालेल. वरचा सां धरा आणि एकेक पायरी उतरत खालच्या सा-पर्यंत या. सां नि ध प म ग रे सा. सगळे शुद्ध स्वर, एकही गाळायचा नाही. जमलं? आता तेच आठ स्वर जरा वेगळ्या ठेक्यात घ्या. सां-वर थोडं थांबा, नि आणि ध झटपट उतरा, प-वर विसावा घ्या, म निसटता लावा, मग ग आणि रे सारख्या मापात, आणि शेवटी सा-वर मुक्काम.

ओळखीचं वाटलं ना? ‘जॉय टू द वर्ल्ड’ या नाताळच्या गाण्याची ही पहिली ओळ. डिसेंबरात चर्चमध्ये, शाळेच्या कार्यक्रमात, दुकानांतल्या स्पीकरवर ती तुम्ही ऐकली असणारच. आठ अक्षरं, आठ स्वर, आणि अख्खं सप्तक वरून खाली! तुम्ही जिथून निघालात तो सां दर सेकंदाला जितकी कंपनं करतो, त्याच्या बरोबर निम्मी कंपनं तुम्ही जिथे पोचलात तो सा करतो. म्हणून तर दोन्हींना आपण ‘सा’च म्हणतो.

ही चाल बसवली लोवेल मेसन नावाच्या अमेरिकन संगीतकारानं, एकोणिसाव्या शतकात. पण शब्द त्याच्याही शंभरेक वर्षं आधीचे आहेत. ते छापले गेले १७१९ साली, लंडनमध्ये. आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात नाताळ नव्हताच! बायबलमधल्या ९८व्या स्तोत्रावरून त्यांनी ते गीत रचलं होतं. नाताळशी त्याची गाठ पडली ती पुढे.

लिहिणारे होते रेव्हरंड आयझॅक वॉट्स. पेशानं पाळक. प्रोटेस्टंट चर्चमध्ये मंडळीला उपदेश करणारे, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणारे, सुखदुःखात धावून येणारे जे धर्मसेवक असतात, त्यांना आपल्याकडचे ख्रिस्ती लोक पाळक किंवा पाळकसाहेब म्हणतात. तर हे पाळकसाहेब उंचीनं जेमतेम पाच फूट. तब्येत तोळामासा. पण त्यांनी सहाशेहून जास्त गीतं लिहिली, मुलांसाठी कविता लिहिल्या, तर्कशास्त्रावर पुस्तक लिहिलं, ग्रहताऱ्यांवर लिहिलं, आणि ‘शिकायचं कसं’ यावरही लिहिलं. विज्ञानाच्या पानावर पाळकांचं काय काम, असं तुम्ही विचाराल. काम आहे, चांगलं मोठं आहे. जगातल्या एका फार थोर शास्त्रज्ञाला शिकायचं कसं ते यांनीच शिकवलं, तेही स्वतः वारल्यानंतर साठ वर्षांनी. तिथपर्यंत जायचंय आपल्याला. पण वाटेत एक मधमाशी लागणार आहे, आणि तिच्यापाशी मी जरा जास्त वेळ रेंगाळणार आहे.

आयझॅकचा जन्म १७ जुलै १६७४चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथॅम्प्टन या बंदराच्या गावी. त्या काळी इंग्लंडमध्ये राजाच्या छत्राखालचं एक अधिकृत चर्च होतं. प्रार्थना कोणत्या पुस्तकातून म्हणायची, उपासना कशी करायची, सगळं ठरलेलं. ज्यांना ते पटत नसे असे लोक आपली वेगळी मंडळी जमवून उपासना करायचे. आणि त्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकायचे! आयझॅकचे वडील अशाच एका मंडळीतले. त्यांनाही तुरुंगवास घडला. तान्ह्या आयझॅकला घेऊन आई तुरुंगाबाहेरच्या दगडावर बसून राहायची, असं सांगतात.

वडील मुलांना शिकवायचे, आणि घरचं पोर तर विलक्षण हुशार निघालं. चौथ्या वर्षी लॅटिन, मग ग्रीक, मग फ्रेंच, तेराव्या वर्षापर्यंत हिब्रूसुद्धा. फ्रेंच कशाला, तर फ्रान्समध्ये धर्मावरून छळ झालेली पुष्कळ कुटुंबं त्या गावात येऊन राहिली होती. त्यांच्याशी बोलता यायला हवं ना!

आणि यमकं जुळवायचा नाद तर इतका, की घरचे वैतागले. एकदा म्हणे घरात प्रार्थना चालू होती, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि हा फिसकन हसला. वडिलांनी दरडावून विचारलं, तर म्हणाला, एक उंदीर दोरावरून वर चढत होता. बरं, हे सांगितलं तेही यमक जुळवून! वडील मारायला उठले, तर गयावया केली तीही यमकातच. ही गोष्ट घरोघर सांगितली गेली. मला तिच्यात जास्त आवडतं ते हे, की सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना या मुलाचे उघडे होते.

पुढे गावातल्या एका डॉक्टरांनी त्याला विद्यापीठात पाठवायची तयारी दाखवली. खर्च तेच करणार होते. पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला शिकायचं तर राजाच्या चर्चशी जुळवून घ्यावं लागे. सोळा वर्षांच्या आयझॅकनं नाही म्हटलं. तो लंडनजवळच्या स्टोक न्यूइंग्टन इथल्या एका छोट्या विद्यालयात गेला. विद्यापीठाची दारं ज्यांना बंद होती, त्यांनी स्वतःसाठी अशी विद्यालयं काढली होती. आणि बघा, तिथे जुन्या पाठ्यपुस्तकांचं ओझं नसल्यामुळे देकार्त आणि लॉक या तत्त्वज्ञांचे अगदी ताजे विचार मुलांपर्यंत लवकर पोचले. थॉमस रो हे त्याचे गुरुजी. मुलांनी प्रश्न विचारलेले त्यांना आवडायचे.

शिक्षण आटोपून तो १६९४ साली घरी परतला आणि दर रविवारी वडिलांबरोबर चर्चला जाऊ लागला. तिथलं गाणं ऐकून मात्र त्याचा जीव कासावीस व्हायचा. असं का, ते समजून घ्या. तेव्हा बहुतेक मंडळ्यांमध्ये फक्त बायबलमधली स्तोत्रं गायची पद्धत होती. त्यांची इंग्रजीतली पद्यं ओबडधोबड, ओढूनताणून यमकं जुळवलेली. शिवाय पुष्कळांना वाचता येत नसे आणि पुस्तकं महाग. म्हणून एक जण पुढे उभा राहून एक ओळ वाचून दाखवी, मग सगळे ती ओळ गात. पुन्हा थांबायचं. पुन्हा पुढची ओळ. वाक्य अर्ध्यावर तुटलं तरी तुटू दे! लोक तोंडानं गात होते, पण त्यांचे चेहरे कोरडे होते.

आयझॅकनं घरी येऊन कुरकुर केली. त्यावर वडील म्हणाले, असं असेल तर तूच काहीतरी बरं लिहून दाखव. झालं! वीस-बावीस वर्षांचा मुलगा कामाला लागला. पुढच्या सुमारे दोन वर्षांत त्यानं गावच्या मंडळीसाठी गीतांमागून गीतं लिहिली. १७०७ साली ती पुस्तकरूपानं लंडनला निघाली. त्याच्या आधी कुणी इंग्रजी गीतं लिहिलीच नव्हती असं नाही, पण लोकांच्या ओठी बसली ती ही. काही मंडळ्यांमध्ये त्यावरून कडाक्याची भांडणं झाली. माणसानं रचलेलं गाणं देवासमोर म्हणायचं म्हणजे काय! पण गाणं एकदा तोंडी बसलं की कोण परतवणार?

आता यातलं कौशल्य बघू या, म्हणजे तुम्हाला ते स्वतः करून बघता येईल. वॉट्स यांनी मुद्दाम मोजकेच छंद वापरले. त्यातला सर्वांत लाडका असा: पहिल्या ओळीत ८ अक्षरं, दुसरीत ६, तिसरीत ८, चौथीत ६. बस्स. आपला अभंग आठवा. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. बोटांवर मोजून बघा, जोडाक्षर एकच धरायचं. माप ठरलेलं असल्यामुळे एका अभंगाची चाल दुसऱ्या अभंगाला लागते, आणि वारीत एखाद्या आजीला शंभर अभंग येतात पण चाली मोजक्याच लागतात. आठ-सहा-आठ-सहाचंही तसंच. मंडळीला दहा-बारा चाली पाठ असल्या की नवीन गीत हाती आल्या आल्या गाता येतं. वॉट्स यांनी आणखी एक पथ्य पाळलं. शब्द साधे ठेवले आणि प्रत्येक ओळीत अर्थ पुरा होईल असं पाहिलं. कुणी ओळ वाचून थांबला तरी वाक्य लंगडं पडू नये म्हणून! मला हे फार मोठं वाटतं. विद्वत्ता अंगात मुरलेली असताना, वाचता न येणाऱ्या माणसाच्या दमाचा आणि कानाचा विचार करून ओळ आखणं सोपं नसतं.

अभंगाचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. आपल्याकडे दोनशे वर्षांनी अहमदनगरच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी गीतं लिहिली, आणि ‘अभंगांजली’त थेट अभंगाचंच माप उचललं. टिळक मुलांसाठीही लिहायचे. फुलामुलांचे कवी म्हणतात त्यांना. पण त्यांच्यावर वेगळा लेखच हवा.

वॉट्स १७०२ साली लंडनच्या मार्क लेनमधल्या मंडळीचे पाळक झाले. पण दहा वर्षांत तब्येतीनं दगा दिला. १७१२ साली जबर ताप आला आणि अंगातली शक्तीच गेली. मंडळीनं त्यांना सोडलं नाही. मदतीला दुसरे पाळक होते, ते काम बघू लागले. तेव्हा सर थॉमस ॲबनी नावाच्या स्नेह्यांनी त्यांना आपल्या गावाकडच्या घरी हवापालटासाठी बोलावलं. हे ॲबनी म्हणजे लंडनचे माजी लॉर्ड मेयर. आठवडाभर या, म्हणाले. वॉट्स गेले, आणि ते घर त्यांना सुटलंच नाही. छत्तीस वर्षं, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, ते ॲबनी कुटुंबात राहिले! सर थॉमस वारले तरी त्यांच्या पत्नीनं आणि मुलीनं त्यांना घरच्या वडीलधाऱ्यासारखं जपलं. बरं वाटलं की ते लंडनला जाऊन उपदेश करत, नाहीतर घरी बसून लिहीत.

या घरात सारा, मेरी आणि एलिझाबेथ अशा तीन मुली होत्या. १७१५ साली वॉट्स यांनी मुलांसाठी गाण्यांचं एक छोटं पुस्तक काढलं, ते या तिघींना अर्पण केलेलं आहे. इंग्रजीत खास मुलांसाठी लिहिलेली गाणी तोवर फार थोडी होती. पुढची दीडशे वर्षं इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांनी ही गाणी घोकली. आता खरं सांगायचं तर त्यातली काही मला आवडत नाहीत. खोटं बोललात तर नरकात जाल, असली भीती घालणं मुलांवर अन्याय करणारं आहे, मग ते कितीही प्रेमानं लिहिलेलं असो. पण त्याच पुस्तकात एक मधमाशी आहे, आणि ती भीती घालत नाही. ती काम करते. ऊन पडलं की बाहेर पडते, फुलाफुलातून मध जमवते, नेटकं मेण लावून खोल्या बांधते. तिच्यासारखं उद्योगी व्हा, रिकामं बसू नका, असं पाळकसाहेब सांगतात.

हे गाणं एवढं पाठ झालेलं होतं, की १८६५ साली लुईस कॅरोलनं ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये त्याचं विडंबन केलं. ॲलिस ते म्हणायला जाते आणि तिच्या तोंडून भलतंच येतं: मधमाशीच्या जागी एक मगर! तेव्हाची मुलं खो खो हसायची, कारण मूळ गाणं त्यांना पाठ करावं लागायचं. आज मगरच लोकांना आठवते. मी मात्र मधमाशीकडे जाणार.

पाळकसाहेबांनी दोन गोष्टी बघितल्या: मेण आणि उद्योग. दोन्हींमागे काय काय निघालं बघा.

मेण कुठून येतं? त्या काळी बहुतेकांची समजूत होती की माश्या ते फुलांवरून गोळा करून आणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन हंटर या लंडनच्या शल्यवैद्यानं दाखवून दिलं की मेण माशीच्या अंगातूनच येतं. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून मेणाचे बारीक पातळ पापुद्रे पाझरतात. माशी ते पायांनी ओढून तोंडाशी नेते, चावून मऊ करते आणि खोलीच्या भिंतीला लावते. हे काम साधारण दोन आठवड्यांच्या वयाच्या माश्या करतात. मेण बनवायला पुष्कळ मध खर्ची पडतो, म्हणजे ते महागाचं सामान. जपूनच वापरायला हवं.

आणि त्या वापरतात कसं! एकाच मापाची सात नाणी घ्या, रुपयाची चालतील. एक मध्ये ठेवा आणि बाकीची त्याला चिकटवून भोवती मांडा. बरोबर सहा बसतात. ना सैल, ना घट्ट. आता नाण्यांच्या मधल्या फटी बुजवल्या तर मधल्या नाण्याचा होतो षट्कोन. एकसारखे आकार फट न ठेवता मांडायचे तर समभुज त्रिकोण, चौरस किंवा षट्कोन, एवढे तीनच नियमित आकार चालतात. आणि या तिघांत तेवढीच जागा वेढायला सगळ्यांत कमी लांबीची भिंत लागते ती षट्कोनाला. मग वाकड्यातिकड्या, कुठल्याही आकारात याहून कमी भिंत लागत असेल का? गणितज्ञ दोन हजार वर्षं म्हणत होते की नसावी, पण सिद्ध कुणाला करता येईना. ते केलं थॉमस हेल्स यांनी, १९९९ साली! पाळकसाहेबांनी ‘किती कसबानं बांधते’ असं कौतुक केलं, त्याचा गणिती पुरावा यायला पावणेतीनशेहून जास्त वर्षं लागली.

आता उद्योगाचं बघू. जर्मनीत मार्टिन लिंडाउअर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर काचेच्या पेटीत पोळं ठेवलं, माश्यांवर रंगाच्या ठिपक्यांनी खुणा केल्या, आणि एका माशीवर नजर ठेवली. क्रमांक १०७. तिला त्यांनी एकूण जवळजवळ १७७ तास पाहिलं. एकाच माशीला! ती काय करते आहे हे सारखं लिहून ठेवलं. आणि निघालं काय? सुमारे ६९ तास ती नुसती स्वस्थ बसून होती. आणखी ५६ तास ती पोळ्यात इकडून तिकडे हिंडत होती, खोल्यांत डोकावत, कुठे काय लागतंय ते बघत. म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त वेळ ‘काम’ असं काही नाहीच.

मग ती आळशी का? छे! हिंडताना तिला कुठे साफसफाई हवी, कुठे पिल्लांना खायला हवं, कुठे बांधकाम अडलंय ते कळतं. आणि स्वस्थ बसलेल्या माश्या म्हणजे गरज पडली की धावणारी राखीव फौज. फुलांचा बहर अचानक आला, पोळ्यात उकाडा वाढला, तर हात लगेच मिळतात. वॉट्स यांनी माशी बघितली ती फुलावर, आणि फुलावरची माशी खरंच क्षणभर स्वस्थ नसते. पोळ्याच्या आत डोकावायला काचेची पेटी लागते आणि १७७ तासांचा धीर लागतो. (तुम्ही मात्र पोळ्याच्या वाटेला जाऊ नका. फुलापाशी उभं राहून बघा, लांबून.)

मला खात्री आहे की हे वाचून पाळकसाहेब रागावले नसते. उलट खूश झाले असते. कारण थोड्या गोष्टी पाहून ‘सगळं असंच असतं’ असा निकाल घाईनं देऊ नका, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कुठे ते येतंच आहे.

त्याआधी आकाश. वॉट्स लंडनमध्ये पाळक होते तेव्हा दुसरे एक आयझॅक त्याच शहरात राहत होते. आयझॅक न्यूटन! नवं विज्ञान सगळीकडे चर्चेत होतं. पण सामान्य घरातल्या मुलाला ते समजावणार कोण? १७२६ साली वॉट्स यांनी खगोल आणि भूगोल यांची ओळख करून देणारं पुस्तक काढलं. पृथ्वीचा गोल, आकाशाचा गोल आणि नकाशे समोर ठेवायचे आणि शिकायचं, अशी त्याची रीत. पाठांतराआधी हाताळणं! तेव्हा माणसाला ग्रह ठाऊक होते पृथ्वी धरून सहाच. सातवा, युरेनस, १७८१ साली सापडला, आणि शोधणारे विल्यम हर्शेल हे बाथ गावातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. स्तोत्रं आणि दुर्बीण यांचं काहीतरी जुनं नातं दिसतंय!

वॉट्स यांचं तर्कशास्त्राचं पुस्तक तर ऑक्सफर्डमध्येही शिकवलं गेलं. ज्या विद्यापीठाची वाट त्यांना बंद होती तिथेच! पण आपल्याला हवंय ते १७४१ साली आलेलं ‘द इम्प्रूव्हमेंट ऑफ द माइंड’. तेव्हा ते सदुसष्टीला आले होते. हे पुस्तक आहे, आपलं आपण शिकायचं कसं याबद्दल. त्यांनी पाच वाटा सांगितल्या. डोळे उघडे ठेवून निरीक्षण करा. वाचा. जाणत्यांची व्याख्यानं ऐका. सोबत्यांशी बोला, वाद घाला, पत्रं लिहा. आणि मग एकटे बसून त्यावर विचार करा. यातली एकच वाट धरून भागत नाही, पाचही हव्यात. थोडं पाहून घाईनं निकाल देऊ नका, हा मघाचा इशारा इथलाच. शब्दाचा नेमका अर्थ कळल्याशिवाय वाद घालू नका, आणि आपली चूक दिसली तर मत बदलायला लाजू नका, हेही आहेच.

२५ नोव्हेंबर १७४८ला वॉट्स वारले. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये त्यांना पुरलं. त्यांच्या जन्मगावी, साउथॅम्प्टनला, सिव्हिक सेंटरच्या उंच मनोऱ्यातलं घड्याळ आजही त्यांच्या एका प्रसिद्ध गीताची चाल वाजवतं.

आणि मग १८०९च्या सुमारास ‘शिकायचं कसं’ सांगणारं त्यांचं ते पुस्तक लंडनच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवर, जॉर्ज रिबो यांच्या दुकानात एका मुलाच्या हाती पडलं. रिबो पुस्तकं विकायचे आणि बांधायचे. चौदाव्या वर्षापासून हा मुलगा त्यांच्याकडे बांधणी शिकायला होता. वडील लोहार, तेही आजारी. शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती झालेली. त्याचं नाव मायकल फॅरेडे.

रिबो मालक भले होते. बांधायला आलेलं पुस्तक मुलानं वाचलं तर ते रागावत नसत. मायकलनं विश्वकोशात विजेवरचा लेख वाचला, जेन मार्सेट बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तक वाचलं. पण वाचलेल्याचं करायचं काय, हे त्याला वॉट्स यांनी सांगितलं. आणि या मुलानं त्यातलं अक्षरन् अक्षर मनावर घेतलं. असा वाचक मिळायला भाग्य लागतं!

वाचलेलं-पाहिलेलं लिहून ठेवा, असंही वॉट्स सांगतात. म्हणून त्यानं वही केली आणि सगळं तिच्यात उतरवायला लागला. व्याख्यानं ऐकायची म्हणून टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. ती थोरल्या भावानं दिली, तोही लोहारच. ऐकलेलं लिहिताना उपकरणांची चित्रं नीट जमेनात, तेव्हा मालकांकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो चित्रकला शिकला. सोबत्यांशी बोलायचं, पत्रं लिहायची म्हणून बेंजामिन ॲबट नावाच्या मित्राशी पत्रव्यवहार सुरू केला. आणि १८१२च्या जुलैतल्या त्या पहिल्याच पत्रात काय सांगितलंय माहितेय? घरी विजेची बॅटरी बनवल्याचं! अर्ध्या पेनीची तांब्याची सात नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. तेवढ्या बॅटरीनं त्यानं एका क्षाराचं विघटनही करून बघितलं. पत्रात नुसता आनंद उसळतोय.

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकलनं चार व्याख्यानं ऐकली, घरी येऊन सविस्तर लिहिली, चित्रं काढली, आणि स्वतःच्या हातानं त्याचं पुस्तक बांधून डेव्ही यांना पाठवलं. बांधणी तर येतच होती! १८१३च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून लागला. पुढचं तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. १८३१ साली त्यानं लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातली वीज चालू-बंद करताना दुसऱ्यात क्षणभर वीज उमटते हे पाहिलं. त्याच तत्त्वावर आज धरणावरचं जनित्र फिरतं आणि तुमच्या घरातला पंखा चालतो.

फॅरेडेनं लिहून ठेवायची सवय मात्र कधी सोडली नाही. पुढे स्मरणशक्ती दगा देऊ लागली तेव्हा तर वहीच त्याचा आधार झाली. १८३२पासून तो प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला ओळीनं क्रमांक घालू लागला. फसलेला प्रयोगही लिहायचा, त्यालाही क्रमांक. एक, दोन, तीन करत तो आकडा सोळा हजारांच्या पुढे गेला.